देव्हाऱ्यातली किल्ली

तिसगाव
६ नोव्हेंबर २०२५

व्याहीबुवा पुंजाराम यांस,

श्रीमंतरावाचा रामराम. आमच्याकडे माणसं, जनावरं, पीकपाणी सगळं ठीक आहे. फक्त तुम्ही निवडून दिलेली गाडी ठीक नाही.

फोन करणार नाही असं मी ठरवलंय. तुमच्या गॅरेजात फोन लावला की तुमच्यापेक्षा हातोडाच जास्त बोलतो, आणि उत्तर सुचलं नाही की तुम्ही 'रेंज न्हाई, रेंज न्हाई' करून तोडता. कागद तसा तोडता येत नाही. फक्रुद्दीन शेळ्या घेऊन आमच्या बाजारातून तुमच्या काष्टीच्या बाजाराला येतोच, त्याच्या टेम्पोतून हे पत्र पाठवतोय. उत्तर त्याच्याकडेच द्या.

आता मुद्दा. सूनबाई दिशाने ही जुनी गाडी स्वतःच्या पगारातून घेतली हे खरं, पण निवडली तुम्ही. 'पाव्हणं, डोळं झाकून घ्या' असं तुम्ही चार माणसांत म्हणालात. आम्ही झाकले. आता गाडीनेच डोळा उघडलाय. स्टेअरिंगसमोर पिवळा दिवा लागतो, त्यात इंजिनाचं चित्र आहे. सकाळी स्टार्टर मारून मारून हात दुखतो तेव्हा कुठे बाईसाहेब सुरू होतात, आणि चढाला लागल्या की आचके देतात. इथल्या छगन मेकॅनिकने त्याचा तो तपासणीचा डबा जोडून पाहिला. त्यावर पी-०३४० असा आकडा आला. छगन म्हणतो, हा बिघाडाचा कोड आहे. मी म्हटलं, बिघाडाचा आहे हे मलाही कळतंय, आकड्यावाचून कळतंय.

आमच्याकडून हयगय झाली असं म्हणायला तोंड उघडू नका. हयात साखर कारखान्यात टाईमकीपर म्हणून गेली माझी, यंत्राची कदर मला शिकवायची गरज नाही. लक्ष्मीपूजनाला गावातले लोक टायरवर नारळ आपटतात आणि मोकळे होतात. मी तसा मोकळा होत नाही. मी बॉनेट उघडतो, इंजिनाला हळदकुंकू लावतो, चिमूटभर साखर ठेवतो आणि नारळाचं पाणी वरून, हळूहळू, सगळीकडे पोचेल असं घालतो. देव आत असतो, टायरात नसतो. दर अमावास्येला हेच करणार आहे. अख्ख्या तिसगावात इंजिनाची अशी सेवा करणारा दुसरा दाखवा.

तेव्हा दोष तुमच्या निवडीत आहे, नाहीतर चालवणारीच्या हातात. दिशा आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्रात जाते, वाडीवस्तीवर फिरते, हे आम्ही गाडी धडधाकट आहे म्हणून चालवून घेतलं. गाडी अशी रस्त्यात बसायला लागली तर सूनही घरी बसेल. आमच्या घरात तिच्या नोकरीवाचून चूल अडलेली नाही.

कळावे. लोभ आहे तेवढा असू द्या, वाढवायची घाई नाही.

श्रीमंत


काष्टी
१२ नोव्हेंबर २०२५

श्रीमंतराव पाव्हणं यांना पुंजारामचा दंडवत.

तुमचं पत्र पोचलं. फक्रुद्दीननं शेळ्यांच्या आधी त्येच उतरवलं. म्हनला, "ह्ये घ्या पह्यलं, लई वास मारतंय." मला वाटलं शेळ्यांचं म्हनतोय. वाचल्यावर कळलं.

पाव्हणं, गाडी मी खालून वरून, आतून भाईरून बघितल्याशिवाय माझ्या लेकीला दिली न्हाई. नवरदेव बी येवढा बघितला असता तर बरं झालं असतं, पर ती येळ गेली. समर्थ जावईबापू पुण्यात कंपनीत ऱ्हात्यात आनि काय बी इचारलं की 'बघू' म्हनत्यात. गाडीपरमानं त्यांना बी डबा जोडता आला असता तर कोड काय आला असता देव जानं.

आता तुमच्या आकड्याचं. ०३४० म्हंजी कॅमचा सेन्सर. तुमाला समजंल असं सांगतो. इंजिन आत कुठवर फिरलंय ह्ये त्यो सेन्सर गाडीच्या डोक्याला कळवतो, म्हंजी तिच्यात कॉम्प्युटर असतो त्याला. कळवनाराच मेला तर डोकं येडं हुतं आनि गाडी आचकं देती. सरळ हिशेब हाय. कोड आला म्हंजी सेन्सर गेला. मशीन खोटं बोलत न्हाई, मानसं बोलत्यात. छगनला येवढं कळायला पायजे हुतं, पर त्यो काल-परवापतुर सायकलीचं पंक्चर काढायचा, आज डबा घिऊन डाक्टर झालाय.

तुमच्या नारळाचं मला काय सांगू नगा. दसऱ्याला आमी बी पान्या-हातोड्यांना हार घालतो, पर म्हून कुठला नट आपसूक आवळून येत न्हाई. इंजिनाला पेट्रोल लागतं, परसाद लागत न्हाई. ह्ये तुमच्या कारखान्याच्या भोंग्यात तुमाला ऐकू आलं नसंल.

सेन्सर सोबत पाठवलाय, नवाकोरा. छगनला म्हनावं जुना काढ, ह्यो बसव, प्लग लाव आनि कोड पुसून टाक. येवढं तरी जमंल त्याला. दिवा इझंल आनि तुमचं त्वांड बी.

ऱ्हायलं दिशाच्या नोकरीचं. पोरगी नर्सिंग शिकली तवा तिची आय न्हवती, मी एकट्यानं शिकवली. ती घरी बसायला शिकली न्हाई. तुमच्या पिवळ्या दिव्यावर तिची नोकरी ठरवायची आसंल तर आदी घरातलं सगळं दिवं तपासा, कुठला पेटतो नि कुठला नुसता मिनमिनतो त्ये.

भागूबाई इहीनबाईंना नमस्कार सांगा.

पुंजाराम


तिसगाव
२ डिसेंबर २०२५

व्याहीबुवा,

तुमचा नवाकोरा सेन्सर बसवला. दिवा विझला. दोन-चार दिवस गाडी अशी पळाली की मला वाटलं, आता तुमची माफी मागायची पाळी येते की काय. पण देवाने लाज राखली, माझी. अमावास्येची पूजा मी ठरल्याप्रमाणे केली, तुमच्या टोमण्यांना भीक न घालता केली, उलट नवा सेन्सर आलाय म्हणून त्याच्यावर दोन थेंब जास्तच घातले. आणि आठवडा उलटायच्या आत दिवा पुन्हा पेटला. या वेळी एक सोडून दोन आकडे आले. तोच ०३४० आणि जोडीला पी-०१०७. तुमच्या गाडीच्या रोगाला पोरं व्हायला लागली.

आता ऐका, कारण हे चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. गेल्या आठवड्यात एका वस्तीवरची बाळंतीण अडली. सरकारी गाडी यायला उशीर होता, म्हणून दिशाने तिला आपल्या गाडीत घातली आणि निघाली. फरशी पुलाच्या चढावर गाडी आचके देत बंद पडली ती पडलीच. कळा देणारी बाई मागच्या सीटवर, तिची सासू रस्त्यात उभी राहून आरडतेय, आणि आमची सून बॉनेट उघडून आत बघतेय. भर रस्त्यात! शेवटी गावातल्या रामहरीचा ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत गोधडी टाकून बाईला नेली. दवाखान्याच्या दारात पोचता पोचता मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, त्या दैवाने. ट्रॅक्टरला सेन्सर नसतो, व्याहीबुवा, म्हणून तो पोचतो.

गावात काय बोलणं झालं ते लिहीत नाही. लोक म्हणाले, श्रीमंतरावांची सून बाळंतीण घेऊन रस्त्यात बसली. सून म्हणाले, तुमची लेक नाही म्हणाले. नाव माझं गेलं.

म्हणून मी गाडीची किल्ली काढून घेतली. देव्हाऱ्यात ठेवलीय, बाळकृष्णाच्या मागे. आता दिशा मिळेल त्या वडापच्या जीपने उपकेंद्रात जाते, अर्ध्या वस्त्यांवर पोचत नाही, वरून साहेबांचे फोन येतात. मी तिच्या राजीनाम्याचा कागद टाईप करून आणलाय. नवीन वर्षाच्या आत सही करायची असं सांगितलंय. आणखी एकदा, शेवटचं, तुमच्या ज्ञानाची परीक्षा घेतो. हे दोन आकडे काय म्हणतात? नीट उत्तर आलं तर बरं. नाहीतर कागद तयार आहे.

श्रीमंत


काष्टी
९ डिसेंबर २०२५

श्रीमंतराव,

राजीनाम्याचा कागद तुमी टाईप केला? तुमच्या बोटांना लई हुरूप आलेला दिसतोय. कारखान्यात हजऱ्या मांडून मांडून शेवटी सुनंची गैरहजेरी मांडायला निघालात.

पत्र वाचून दोन दिस गॅरेजात ध्यान लागलं न्हाई. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत डिझेलच्या जागी काय वतायला निघालो हुतो त्ये सांगत न्हाई. त्या बाळंतिनीला काय झालं असतं तर? माझी लेक जल्मभर त्ये घिऊन जगली असती. तुमाला तुमच्या नावाचं पडलंय.

०१०७ म्हंजी दुसरा सेन्सर, हवेचा दाब सांगनारा. त्यो बी पाठवलाय, आनि कॅमचा बी आनिक एक पाठवलाय, कारन येखाद्या बारीला नवा माल बी नासका निगतो. दोन्ही बदला. आनि त्याच्यावर बी कोड आला तर मग गाडीचं डोकंच गेलं, त्यो कॉम्प्युटर काढून माझ्याकडं धाडा. ह्याच्याफुडं काय ऱ्हातच न्हाई.

दिशाचा फोन आल्ता. काय तरी तिचं येगळंच. "अप्पा, दोन्ही येळंला अमावास्या झाल्यावरच बिघडली." मी म्हनलं, पोरी, गाडीला तिथी कळत न्हाई, कोड काय आला त्ये सांग. ती म्हनली, "अप्पा, आदी माझं ऐकून तर घ्या." मी म्हनलं, कोड आलाय न्हवं, मग ऐकायचं काय? कोडात सगळं आलं. सासरी ऱ्हाऊन पोरगी तुमच्या पंचांगाला लागली, दुसरं काय.

आनि खरं त्ये लिवतो, लेकीची बाजू घेऊन खोटं लिवनारा मानूस मी न्हाई. दिशाला शिकताना पासून क्लचवर पाय ठिवून चालवायची खोड हाय. चढाला घाई करती. लाख येळा सांगितलं हुतं. तवा सेन्सर सेन्सरच्या जागी, पर हात बी थोडा जड आसंल. तिला सांगा, मन लावून चालीव. पर किल्ली दिल्याबिगर ती चालवनार कशी, ह्ये बी तुमीच सांगा.

राजीनाम्यावर सही झाली तर मी तिसगावात येतो. गाडी दुरुस्त करायला न्हाई येनार.

पुंजाराम


तिसगाव
२३ डिसेंबर २०२५

व्याहीबुवा,

मागचं पत्र मी ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवलं. भागूबाईला, दिशाला, शेजारच्या दोघांना. 'हात बी थोडा जड आसंल' ही ओळ तर दोनदा वाचली. बापानेच लिहून दिल्यावर सासऱ्याने आणखी काय बोलावं? दिशा उठून आत गेली. मला वाटलं, लाजली.

सेन्सर दोन्ही बदलले. छगनने आकडे पुसले. गाडी मी अंगणात उभीच ठेवली, किल्ली देव्हाऱ्यातच होती. शुक्रवारच्या अमावास्येला मी साग्रसंगीत पूजा घातली, आजवर घातली नसेल अशी. एकाऐवजी दोन नारळ. साखरेच्या जागी गूळ. म्हटलं, जे काही असेल ते शांत होऊ दे. काल मेहुण्याच्या नातवाच्या जावळाला जायचं म्हणून सगळे नवे कपडे घालून गाडीत बसलो. मी स्वतः स्टेअरिंगवर. फाटकापर्यंत गेली आणि मेली. दिवा पेटलेला, तेच दोन आकडे. शेजारचे बघत होते. भागूबाई पैठणी नेसून फाटकात उभी, आणि मी गाडी ढकलतोय. शेवटी मोटरसायकलवरून एकटाच गेलो. पोचलो तर जेवणाची पंगत उठली होती.

आता बोला! गाडीला नवे सेन्सर, गाडी जागची हललेली नाही, तरी बिघडली. ही करणी आहे. एका माणसाकडे जाऊन उतारा करून घेणार आहे. तुमचं ते डोकं, कॉम्प्युटर, काढून पाठवायची भाषा बंद करा. ज्याचं डोकं तपासायचंय तो काष्टीत बसलाय.

एवढं झाल्यावर नोकरीचा प्रश्न संपला. मी शुक्रवारी एका दशक्रियेला बेलापूरला जातोय, मुक्काम आहे. परत आलो की राजीनाम्यावर सही घेऊन कागद स्वतः नेऊन देणार. दिशाला तसं सांगितलंय. ती 'बरं' म्हणाली.

श्रीमंत


तिसगाव
२७ डिसेंबर २०२५

अप्पा आणि मामा,

हे एकच पत्र दोघांना लिहितेय. एक प्रत अप्पांना फक्रुद्दीनचाचांबरोबर येईल. मामांची प्रत कुठे आहे ते शेवटी लिहिते, म्हणजे ते शेवटपर्यंत वाचतील.

तुम्ही दोघांनी एकमेकांना पाठवलेली सगळी पत्रं मी वाचलीत. मामांकडे आलेली ओसरीवरच वाचली जात होती, आणि मामा स्वतःची पत्रंही पाकिटात घालायच्या आधी भागूआत्यांना वाचून दाखवायचे. छान लिहिता दोघंही. एवढी अक्कल एकमेकांना टोचायला वापरली, त्यातली थोडी गाडीकडे वळवली असती तर त्या बाईचं बाळंतपण ट्रॉलीत झालं नसतं. ती माझा हात धरून कळा देत होती, मामा. तिच्या नखांच्या खुणा किती तरी दिवस माझ्या मनगटावर होत्या. तुम्हाला त्या दिसल्या नाहीत, तुम्ही नाव शोधत होतात.

मी बॉनेट उघडून काय बघत होते, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मुंग्या बघत होते.

तेव्हा घाई होती, नुसत्या दिसल्या. सोमवारी मामा गाडी ढकलून गेल्यावर मी अंगणात बसले. टायरवरून मुंग्यांची रांग वर चढत होती. बॉनेट उघडलं, रांगेच्या मागे मागे गेले, तर ती थेट कॅमच्या सेन्सरच्या प्लगमध्ये शिरत होती. दुसरी रांग हवेच्या दाबाच्या सेन्सरकडे. प्लग उपटून पाहिला. आत गूळ, हळद, वाळलेलं नारळाचं पाणी, मेलेल्या मुंग्या आणि पितळी पिनांवर हिरवा गंज. अप्पा, तुम्हाला हे एका नजरेत कळलं असतं, पण तुम्ही नजर द्यायलाच तयार नव्हतात. सेन्सर बोलत होता. त्याचं बोलणं डोक्यापर्यंत पोचत नव्हतं, कारण मध्ये मामांचा प्रसाद साचला होता.

कोडात 'सेन्सर गेला' असं कुठेच लिहिलेलं नसतं, अप्पा. छगनने मला त्याच्या डब्यावरची सगळी ओळ वाचून दाखवली. सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, एवढंच तो आकडा म्हणतो. सर्किटात तार येते, प्लग येतो, पिना येतात. मी उपकेंद्रात रोज ताप मोजते. ताप आला म्हणून मी थर्मामीटर फोडून नवा आणत नाही. ताप कधीपासून, कशाने वाढतो, काय खाल्लं, हे आधी पेशंटला विचारते. तुम्हाला मी फोनवर सांगितलं की अमावास्येनंतर बिघडते. तुम्ही म्हणालात, गाडीला तिथी कळत नाही. गाडीला नाही कळत, पण मामांना कळते ना! दर अमावास्येला तिच्यावर पाणी ओतणारा माणूस घरात होता. मशीन खोटं बोलत नाही म्हणता, आणि स्वतःची मुलगी खोटं बोलते असं धरून चालता. वर तिचा हात जड म्हणून लिहून देता. तो कागद ओसरीवर दोनदा वाचला गेला. मी लाजून आत गेले नव्हते, मामा. मला तुम्हा दोघांची किळस आली होती.

आणि मामा, तुम्हालाही मी दिवाळीतच म्हटलं होतं, नारळाचं पाणी आत घालू नका. तुम्ही म्हणालात, देवाला पाण्याची भीती? देवाला नाही. तारांना आहे. पहिला सेन्सर बसवल्यावर गाडी दोन-चार दिवस बरी चालली ती नव्या सेन्सरने नव्हे. छगनने प्लग उपटून परत दाबला, तेवढ्याने पिना घासल्या गेल्या म्हणून. लगेच तुम्ही त्याच्यावर 'दोन थेंब जास्त' घातलेत. आणि या वेळी गाडी मी चालवलीच नव्हती, किल्ली देवापाशी होती, तरी ती बिघडली. तुम्हीच लिहिलंत. त्यावरून करणी तुम्हाला सुचली, आणि सुनेचा हात निर्दोष आहे हे मात्र नाही सुचलं. करणी खरीच होती म्हणा. करणारे तुम्ही होतात.

काल मामा बेलापूरला निघाल्यावर मी कामाला लागले. किल्ली देव्हाऱ्यात ठेवलीत, आणि देव पुसायचं काम रोज माझ्याकडेच आहे, हे तुमच्या लक्षातच आलं नसावं. इतके दिवस मी ती रोज सकाळी उचलत होते, खालची धूळ पुसत होते आणि परत ठेवत होते. काल परत ठेवली नाही. आत्यांनी पाहिलं. पाट्यावर चटणी वाटायला बसल्या, आणि जरा वेळाने जुना दात घासायचा ब्रश आणून माझ्यासमोर ठेवून गेल्या.

बॅटरीची तार सोडली. उपकेंद्रातलं स्पिरिट, कापूस आणि आत्यांचा ब्रश घेऊन दोन्ही प्लग आतून साफ केले, गंज खरवडला, उन्हात वाळवले. मग मुद्दाम नवे सेन्सर काढून जुनेच परत बसवले. छगनला बोलावून कोड पुसायला लावले. गाडी एका हिसक्यात चालू झाली. मी तिला फरशी पुलाच्या त्याच चढावर घेऊन गेले, चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबवली आणि तिथून परत उचलली. आचका नाही, दिवा नाही. छगन शेजारी बसला होता, म्हणाला, "ताई, ह्यो तर साधा प्लगचा मामला हुता, मी बी नुसता डबाच बघत ऱ्हायलो." निदान तो तरी म्हणाला.

अप्पा, तुमचे नवे सेन्सर पार्सलात परत पाठवतेय. तिन्ही चांगले आहेत, जुन्यांसारखेच. एखाद्या गिऱ्हाइकाला खरोखर लागतील तेव्हा वापरा, पण आधी त्याला दोन प्रश्न विचारा. आणि राजीनाम्यावर सही झाली तर तिसगावात येणार होतात ना? येऊ नका. कामाच्या दिवशी मला पाहुण्यांना वेळ नसतो.

राजीनाम्याचा तो टाईप केलेला कागद वाया घालवला नाही, मामा. जाड होता, चांगला होता. प्लगमधून खरवडून निघालेला गंज, मुंग्या आणि गुळाचा खडा त्यातच बांधून अप्पांना पाठवलाय. सहीची जागा कोरी आहे.

येत्या अमावास्येला नारळ जरूर फोडा. टायरवर, दगडावर, कुठेही फोडा. पाणी मात्र तांब्यात धरा आणि स्वतः प्या. बॉनेटला हात लावायचा नाही.

मामांची ही प्रत देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे, किल्ली होती त्याच जागी ठेवतेय. आज लसीकरण आहे, लांबच्या वस्त्यांवर जायचंय. आत्या माझ्याबरोबर येताहेत, त्यांना ती ट्रॉलीतली मुलगी बघायची आहे. परतायला उशीर होईल. भाकरी आणि पिठलं झाकून ठेवलंय, मामा. वाढून घ्या.

दिशा